न उघडता परत आलेली सात पुस्तकं

वाचकाचं पत्र :

आम्ही कोथरूडला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस गाडी घेऊन फिरायला जायचं ठरतंय. मी, माझे मिस्टर, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. मिस्टरांनी आखलेला मार्ग असा : पुणे, महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली, मालवण, गणपतीपुळे आणि परत. मला वाचायला खूप आवडतं, पण नोकरी आणि घर यांत वर्षभर पुस्तक हातात टिकत नाही. सुट्टीचाच काय तो भरवसा. गेल्या वर्षी सात पुस्तकं बरोबर नेली होती, एकही उघडलं गेलं नाही. यंदा पिशवी भरायला घेतली तर मिस्टर म्हणाले, "जंगलात जाऊनही पुस्तकात डोकं घालायचं असेल तर घरीच बसू की." मुलगी फोनमधून मान वर काढत नाही. सासूबाई मूळच्या भोर तालुक्यातल्या, पण गाडीत गप्प बसून असतात. डोळ्यांमुळे त्यांना आता वाचवत नाही. डोंगरात जाऊन वाचणं खरंच चूक आहे का? नसेल, तर काय न्यावं?

उत्तर :

ताई,

चूक मुळीच नाही. पण तुमच्या मिस्टरांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. समोर धुक्यातून डोंगर उघडा होत असताना कुणी पानं उलटत बसलं, तर शेजारच्याला वाईट वाटणारच. तुम्हा दोघांच्याही मनासारखं होऊ शकतं, फक्त घड्याळाकडे नीट बघायला हवं.

रान दुपारी झोपतं. सह्याद्रीत जो माणूस चार दिवस एका जागी राहिला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. दिवाळीच्या सुमारास साडेसहाच्या आसपास उजाडतं. तिथून नऊ-दहापर्यंत पाखरांची, वानरांची, शेकरांची नुसती धावपळ असते. उन्हं तापली की सगळं हळूहळू गप्प होतं. साधारण अकरा ते साडेतीन या वेळात झाडाखाली उभं राहिलं तर पानांचीच काय ती सळसळ. पुन्हा चारनंतर हालचाल सुरू होते आणि सहाला सूर्य मावळतो. आपण पुण्याहून जाणारी माणसं काय करतो? सकाळी आरामात उठून, पोहे-चहा उरकून दहाला बाहेर पडतो, नेमके रान झोपलेल्या वेळी रानात हिंडतो, आणि ते जागं होतं तेव्हा पुढचा मुक्काम गाठायला गाडीत बसलेलो असतो. मग म्हणतो, "काही दिसलं नाही हो."

तेव्हा सकाळ आणि संध्याकाळ रानाची. त्या वेळी पुस्तक पिशवीत. दुपारचे तीन-चार तास पुस्तकाचे. त्या वेळी "चला, अजून एक पॉइंट बघू" असं कुणी म्हणायचं नाही. असं ठरवून निघालात तर मिस्टरांच्या बोलण्याला उत्तर देण्याची वेळच येणार नाही.

पण यासाठी एक गोष्ट सोडावी लागेल, आणि ती सांगताना मी मागेपुढे पाहणार नाही. तो मार्ग सोडा. मिस्टरांनी आखलेली वाट हजार किलोमीटरच्या पुढे जाते. घाटरस्त्यात ताशी तीस-पस्तीसच्या वर सरासरी पडत नाही. दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी, जेवणखाण, सासूबाईंसाठी दर दोन तासांनी थांबणं, हे सगळं धरलं तर दिवसाचे सहा-सात तास गाडीत जातील, म्हणजे दिवसाच्या उजेडातला अर्ध्याहून जास्त वेळ. कोयना आणि राधानगरी ही जंगलं २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत, पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी दोन. अशा दोन रानांच्या कडेकडेने रात्री गाडीचे दिवे लावून निघून जायचं याचं मला खरोखर दुःख होतं. तिथे जा, जरूर जा, पण एकेका खेपेला एकेक, आणि तिथेच चार दिवस राहा.

यंदासाठी माझं म्हणणं असं, की मुक्काम दोनच करा आणि दोन्ही पुणे जिल्ह्यात. दोन रात्री पवन मावळात, म्हणजे पवना नदीच्या खोऱ्यात, दोन रात्री भीमाशंकरच्या बाजूला. आणि पुस्तकंही त्या जागांचीच न्या. वाचायला म्हणून वेगळं आणि फिरायला म्हणून वेगळं असं ठेवलं की दोन्ही एकमेकांचा वेळ खातात. समोर जो डोंगर आहे त्याच डोंगराचं पुस्तक हातात असलं, की वाचून झाल्यावर माणूस आपसूक वर बघतो. तुमची सात पुस्तकं न उघडता परत आली याला तुमचा आळस कारण नाही. ती त्या जागेची नव्हती आणि त्यांना दिवसात वेळ नेमून दिलेला नव्हता, इतकंच.

पवन मावळासाठी माझ्या मनात एकच पुस्तक येतं : गो. नी. दांडेकरांचं 'पवनाकाठचा धोंडी'. गोनीदा तळेगाव दाभाड्याला राहायचे. हा सगळा मुलूख त्यांनी पायी तुडवलेला होता, आणि मावळी बोली त्यांच्या कानात इतकी मुरलेली की कादंबरी मोठ्याने वाचली तरच तिची खरी चव कळते. तुंग किल्ल्याच्या हवालदाराच्या घराण्यातल्या धोंडीची ही गोष्ट आहे. पुढचं मी सांगत नाही. तुम्ही लोहगडाच्या पायथ्याशी, लोहगडवाडीच्या आसपास कुठे उतरलात, तर किल्ल्यावरून पवनेच्या पाण्यापलीकडे एक निमुळता, टोकदार डोंगर दिसेल. तोच तुंग. त्याच्या जवळचा तिकोना. मुलांना घेऊन मिस्टर सकाळी लवकर लोहगड चढतील. वाट दगडी पायऱ्यांची आहे, नऊ वर्षांच्या मुलाला सहज झेपेल. तुंगाचा चढ मात्र उभा आणि अंगावर येणारा आहे, तो सासूबाईंच्या सोबतीने करायचा नाही.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. कादंबरी लिहिली गेली तेव्हा समोर दिसणारं हे एवढं मोठं पाणी तिथे नव्हतं. पवना धरण नंतर झालं. पुस्तकात जी नदी वाहते तिचा काठ, तिच्यालगतची शेतं आज पाण्याखाली आहेत. गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला विचारा, "पाणी येण्याआधी तुमचं रान कुठं होतं?" बोट पाण्याच्या मध्यावर रोखलं जाईल. पुस्तक आणि डोळ्यांसमोरचा देखावा यांच्यात असा फरक पडतो तेव्हा चौदा वर्षांची मुलगीसुद्धा फोन खाली ठेवून प्रश्न विचारते. निदान माझ्या भाचीने विचारला होता.

त्याच भागात एखादी देवराई बघा. मावळ, मुळशी, राजगड (पूर्वीचा वेल्हे), भोर या तालुक्यांत अजून देवराया टिकून आहेत. गावच्या देवाच्या नावाने राखलेलं रान, जिथलं वाळकं लाकूडही कुणी घरी नेत नाही. अशा रायांचा पहिला शास्त्रीय अभ्यास आपल्या पुण्याच्याच दोघांनी केला, माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी, १९७०च्या दशकात. मावळातल्या आजिवलीची राई भेर्ली माडासाठी ओळखली जाते. त्याचं पान माशाच्या शेपटीसारखं असतं, एकदा बघितलं की विसरत नाही. राईत शिरताना चपला बाहेर काढा, पान-फूल तोडू नका, आणि आत गेल्यावर दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही असं ठरवा. बाहेर ऊन आणि आत शिरताक्षणी अंगाला लागणारा गारवा, हे कुठल्याही पुस्तकात वाचून कळत नाही.

दिवाळीत मावळात भाताची कापणी चालू असते. इंद्रायणी भाताच्या वासाने वाटा भरून जातात. खळ्यावर झोडणी चालली असेल तर मुलांना अर्धा तास तिथे उभं करा, पण आधी विचारून. त्यांचे कामाचे दिवस आहेत आणि आपली सुट्टी आहे, हे आपण विसरायचं नाही.

तिसऱ्या दिवशी भरपूर उजेड असताना निघा. तळेगाव, चाकण, राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव करत डिंभे धरणाच्या कडेने भीमाशंकरच्या रस्त्याला लागता येतं. चाकणजवळ वाहनांची गर्दी असते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. मुक्काम देवळाच्या अगदी जवळ न करता अलीकडच्या एखाद्या गावात करा. सुट्टीत देवळापाशी गर्दी असते आणि दर्शनाला बऱ्याच पायऱ्या उतरून जावं लागतं. सासूबाईंना दर्शन घ्यायचं असेल तर पहाटे जा, पायऱ्या सावकाश, टेकत टेकत उतरा.

भीमाशंकरच्या अभयारण्याचं नाव शेकरूशी जोडलेलं आहे. आपल्या राज्याचा हा प्राणी, पण पुण्यातल्या किती मुलांनी तो प्रत्यक्ष पाहिला असेल? झुपकेदार शेपटी धरली तर लांबी हातभराहून बरीच जास्त भरते. जमिनीवर तो क्वचित उतरतो, सगळा संसार झाडांच्या शेंड्यांवर. एकेक शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधून ठेवतं. तुमच्या मुलाला एक युक्ती सांगा : वर बघत चालायचं नाही, आधी खाली बघायचं. कुरतडलेली फळं, सालींचा ताजा कचरा पडलेला दिसला की तिथे थांबायचं, आणि मग वर बघायचं.

या दोन दिवसांसाठी मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' न्या. चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. कर्नाळा, नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत त्यांचं आयुष्य गेलं. जून २०२५ मध्ये, ९२ व्या वर्षी ते गेले, आणि त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. त्यांचं मला सगळ्यांत भावतं ते म्हणजे शब्द. आदिवासींकडून, जुन्या ग्रंथांतून, रानातल्या मजुरांकडून त्यांनी झाडापाखरांचे शब्द गोळा केले, आणि नव्हते तिथे घडवले. बगळ्या-करकोच्यांची सामुदायिक वीण जिथे होते त्या जागेला त्यांनी 'सारंगागार' म्हटलं, कावळ्यांच्या तशा जागेला 'काकागार'. एक दिवस मुलांना हा खेळ खेळू द्या. ज्या गोष्टीला नाव ठाऊक नाही तिला मराठीत नाव द्यायचं, आणि संध्याकाळी गावातल्या माणसाला विचारायचं, "तुम्ही याला काय म्हणता?" वही दोघांत एकच ठेवा. एक पान मुलांच्या शब्दांचं, समोरचं पान गावाच्या शब्दांचं.

आता रात्रीबद्दल. यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमच्या घरातला सगळा गुंता इथे सुटू शकतो असं मला मनापासून वाटतं.

माझे वडील पोस्टात होते. मी दहा-अकरा वर्षांची असताना सुट्टीत ते आम्हाला एसटीने वेल्ह्याला घेऊन गेले. तोरण्याच्या पायथ्याशी एका वाडीत त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडवीत आम्ही तीन रात्री राहिलो. वडिलांनी एकच पुस्तक आणलं होतं, शिकारकथांचं. त्याचं नाव आज मला आठवत नाही. जेवणं झाली की कंदील मध्ये ठेवून ते मोठ्याने वाचत. पहिल्या रात्री आम्ही तिघं भावंडं आणि आई. दुसऱ्या रात्री घरधनी उंबऱ्यावर येऊन बसला. त्याला अक्षरओळख नव्हती. वाचता वाचता असं वाक्य आलं, की भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. घरधनी पुढे सरकला आणि म्हणाला, "सायेब, तसं न्हाई. कुत्रं एका दमात भुंकतंय. भेकर थांबून थांबून भुंकतंय, घडीभर, एकाच ठिकाणावरनं. तसं आलं कानावर की समजायचं, वाघरू फिरतंय." वडिलांनी पुस्तक मिटलं आणि त्याला बोलू दिलं. त्या रात्री पुढे एकही पान वाचलं गेलं नाही. तिसऱ्या रात्री ओढ्यापलीकडून तो आवाज आला. थांबून थांबून. आम्ही अंथरुणात उठून बसलो. त्या घरात आम्हाला कुणी घाबरवलं नाही, फक्त दार ओढून घेतलं.

पुस्तकाने तो विषय काढला नसता तर त्या माणसाकडे काय आहे हे आम्हाला कधी कळलं नसतं. आणि तो माणूस नसता तर पुस्तकातलं वाक्य आम्ही खरं मानून पुढे गेलो असतो. म्हणून सांगते, रात्री जेवणानंतर वीस मिनिटं मोठ्याने वाचा. वीसच. मुलांना अजून हवं असतानाच थांबायचं. वाचायचं कुणी, ते रोज बदला. एका रात्री मिस्टरांनी वाचावं. "पुस्तकात डोकं घालणं" हा त्यांचा राग बहुधा अशासाठी आहे की तुम्ही वाचता तेव्हा एकट्या कुठेतरी निघून जाता आणि ते मागे राहतात. मोठ्याने वाचताना कुणी मागे राहत नाही.

कादंबरी चार रात्रींत संपणार नाही, आणि ती संपवायचीही नाही. उरलेली घरी आल्यावर तुमच्या दुपारच्या वाचनात संपेल. रात्री वाचायला छोटं आणि पूर्ण होणारं काही हवं असेल तर दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' घ्या. मराठी महिन्यांवर एकेक लेख आहे. दिवाळी आश्विन-कार्तिकाच्या सांध्यावर येते, तेव्हा एका रात्री आश्विन, एका रात्री कार्तिक. मग दिवे घालवून अंगणात या. दिवाळीतली अमावास्येच्या मागची-पुढची रात्र म्हणजे आकाश काळंभोर. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका जेवणाच्या वेळीच वर आलेला असतो. ज्या नक्षत्रावरून कार्तिक महिन्याला नाव पडलं ते हेच. साडेनऊ-दहाला मृग नक्षत्र डोकं वर काढतं. कोथरूडच्या गच्चीवरून यातलं फारसं काही दिसत नाही.

मुलीबद्दल. फोन काढून घेऊ नका. चौदाव्या वर्षी हिसकावलेली वस्तू हीच सगळ्यांत प्रिय होते. मर्लिन नावाचं ॲप आहे, पाखराचा आवाज ऐकून ते पाखरू कोणतं असावं हे सुचवतं. त्याची भारतातली माहिती घरीच उतरवून घ्यायला सांगा, कारण डोंगरात रेंज मिळेलच असं नाही. पहाटेचे आवाज ध्वनिमुद्रित करायचं काम तिचं. आणि वाचायला व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' द्या. वानरांच्या टोळीची ही छोटी कादंबरी, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. तीत क्रौर्य आहे, टोळीचा म्होरक्या बदलतो तेव्हा पिल्लांचं काय होतं हे त्यांनी लपवलेलं नाही. म्हणून आधी तुम्ही वाचा आणि मग तिच्या हातात द्या. पण ती लहान राहिलेली नाही, आणि भीमाशंकरच्या वाटेवर वानरांची टोळी दिसली की ती तुमच्या सगळ्यांपेक्षा वेगळ्या नजरेने तिच्याकडे बघेल. वानर-माकडांना खायला मात्र कुणीच घालायचं नाही. घाटात गाडीतून टाकलेल्या बिस्किटांसाठी ती रस्त्यावर येतात आणि चाकाखाली सापडतात.

मुलासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा पोरगा, आपल्याच गावाजवळचा. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही, तो पहिल्या पानापासून आपलं आपण सांभाळतो.

मिस्टरांना आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' भेट द्या. सह्याद्रीतल्या वाटांची तपशीलवार माहिती त्यात आहे. मार्ग आखायची त्यांना हौस आहे ना, तर ती पायी जायच्या वाटांवर खर्च होऊ दे. पुढच्या सुट्टीचा बेत ते याच सुट्टीच्या दुपारी झाडाखाली बसून करतील, आणि बघा, तेही तेव्हा पुस्तकात डोकं घालूनच बसलेले असतील.

तुमच्यासाठी एक दिवाळी अंक. दिवाळीला आपण सुट्टीचं वाचन म्हणून वेगळं काही शोधायला नको. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक असतोच. दुपारी तासाभरात एक कथा, एक लेख वाचून होतो, मध्येच कुणी हाक मारली तरी धागा तुटत नाही. पाच अंक घेऊ नका, एकच घ्या. बाकीचे वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेतून पुढचे चार महिने वाचता येतील. यातली काही जुनी पुस्तकं दुकानात मिळाली नाहीत तर अप्पा बळवंत चौकात चौकशी करा, किंवा पुणे नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या वाचनालयात विचारा. ते १८४८ पासूनचं आहे. दिवाळीत वाचनालयांना सुट्टी असते, तेव्हा आठवडाभर आधी जा. एकूण पुस्तकं सहा आणि अंक एक होतो, पण या वेळी प्रत्येकाला वाचणारा माणूस नेमलेला आहे.

चालत्या गाडीत वाचू नका आणि मुलांनाही वाचू देऊ नका, निदान घाटात तरी. डोळे स्थिर पानावर आणि कान मात्र वळणं मोजत असतात. त्या दोघांचं जमत नाही आणि पोट ढवळून निघतं. माझ्या मुलाला वरंध घाटात असा त्रास झाला, त्यानंतर वर्षभर तो गाडीत बसायला तयार नव्हता. गाडीत खिडकीबाहेर बघायचं, आवळासुपारी किंवा आलेपाक तोंडात ठेवायचा आणि बोलायचं.

थोडक्यात दोन-तीन गोष्टी : फटाके रानाजवळ अजिबात नेऊ नका. पावसानंतर वाळू लागलेलं गवत एका ठिणगीने पेटतं आणि वणवा डोंगर चढत जातो. गडावर कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर तिथून शांतपणे मागे फिरा, अत्तर-सेंट त्या दिवशी लावू नका, आरडाओरडा नको. आणि खाऊच्या पुड्या जशा नेल्या तशा मोजून परत आणा.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्यांच्यासाठी दोनच वाक्यं आहेत, पण मला त्यांच्यापाशी जरा थांबायचं आहे. भोर तालुक्यातली बाई. तिथल्या रानात त्यांचं लहानपण गेलं असेल. हिरडा कोणता, बेहडा कोणता, गारंबीची शेंग केवढी असते, करवंदीच्या जाळीत हात कसा घालायचा, कुठल्या पाल्याची भाजी करतात, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असणार. पुण्यात आल्यापासून हे त्यांना कुणी विचारलं आहे का? भीमाशंकरच्या बाजूला हिरडा गोळा करणं हा महादेव कोळी घरांचा मोठा आधार आहे. तिथल्या एखाद्या आजींजवळ त्यांना बसवा आणि तुम्ही थोडं लांब जाऊन बसा. दोघींचं जे बोलणं होईल ते मुलीला फोनवर मुद्रित करू द्या, दोघींना विचारूनच. रात्रीच्या वीस मिनिटांत एक रात्र पुस्तक नकोच, सासूबाईंनी सांगायचं. सुरुवात होत नसेल तर 'धोंडी'तलं एखादं मावळी बोलीतलं पान वाचा आणि विचारा, "आई, तुमच्याकडे असंच बोलायचे का?"

आणि निघताना एक करा. घाटात मागच्या सीटवर वळणं जास्त लागतात, शिवाय पुढच्या दोन डोक्यांमधून रस्ताही दिसत नाही. मिस्टरांच्या शेजारची पुढची सीट पाचही दिवस आईंना द्या. झाडं ओळखू येतील इतकी काच आधी स्वच्छ पुसून घ्या.